उरलेलं ताट

मी घंटा वाजवली आणि चौतीसच्या चौतीस माणसं आगीत जेवायला येऊन बसली.

आग खोटी होती म्हणून निभावलं. तपासणीला आलेल्या क्षीरसागर मॅडमनी ती नुसती कागदावर लावली होती. सकाळी साडेदहा वाजता, स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीपाशी. "समजा, इथं पेट घेतला," त्या म्हणाल्या, "आता इशारा वाजवा आणि सगळ्यांना अंगणात काढून दाखवा." आणि मनगटावरचं घड्याळ बघत स्वतः अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

आमच्या ऐलतीर निवासात इशारा म्हणावा अशी एकच वस्तू होती, स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेली पितळी घंटा. ती मी वाजवली. चौदा वर्षं रोज दोन वेळा मीच वाजवत होते, त्यामुळे तिचा अर्थ आमच्या मंडळींना पक्का ठाऊक. जो तो आपल्या खोलीतून निघाला, मांडणीवरून आपलं ताट घेतलं आणि जेवणघरात ओळीनं मांडी घालून बसला. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांच्या चाकाच्या खुर्च्या दुसऱ्यांनी आणल्या. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. मला तर अभिमानच वाटला.

पाच मिनिटं वाट पाहून मॅडम आत आल्या.

"मावशी, ही सगळी इथं काय करतायत?"

"जरा बुचकळ्यात पडलीत, मॅडम. साडेदहाला कधी घंटा होत न्हाई. पर बसलीत बघा कशी शिस्तीत."

"शिस्तीतच जळतील मग," मॅडम म्हणाल्या.

मला असा संताप आला की हातातली पळी आदळावी. पण मी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. गॅसच्या टाक्यांपासून चार हातांवर चौतीस माणसं रिकामी ताटं पुढ्यात घेऊन माझी वाट बघत बसली होती. मी पळी खाली ठेवली.

ऐलतीर म्हणजे कोरेगावच्या अलीकडचं, फाट्यापासून आत असलेलं मोठ्या वयाच्या दिव्यांगांचं केंद्र. कुणाची समज लहान राहिलेली, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत. आईबाप होते तोवर घरी राहिलेली आणि मग भावकीनं आणून सोडलेली ही माणसं. मी तिथली स्वयंपाकीण, इंदुमती शेवाळे. सगळ्यांची मावशी. माझ्यापेक्षा वयानं मोठे होते तेही मावशीच म्हणायचे.

नोंदणीचं नूतनीकरण होतं, म्हणून ती तपासणी. मॅडमनी संध्याकाळपर्यंत पाच पानं लिहिली. मागच्या दाराला कुलूप का, उतार का नाही, खिडकीच्या जाळ्या आतून उघडत का नाहीत. आमचे अधीक्षक बर्गे सर बिचारे प्रत्येक ओळीला "होय मॅडम" म्हणत होते. शेवटी त्या उठल्या.

"एक महिना देते. उतार, जाळ्या, कुलपं हे तर कराच. पण मुख्य म्हणजे ही माणसं पाच मिनिटांत बाहेर आलेली मला दिसली पाहिजेत. नाही आली तर नोंदणी होणार नाही."

"आणि मग?" सरांनी विचारलं.

"पुरुषांना सोलापूरकडच्या केंद्रात जागा आहे. स्त्रियांना नाशिककडं हलवावं लागेल."

हे बोलणं व्हरांड्यात चाललं होतं आणि खांबाशी श्रीरंग नंदाच्या खुर्चीला धरून उभा होता.

श्रीरंग आणि नंदा सख्खे भाऊबहीण. तो शेहेचाळीसचा, ती त्रेचाळीसची. श्रीरंगला बारापुढं मोजता यायचं नाही, वाचता तर अजिबात नाही. नंदाची बुद्धी तल्लख, पण हात वाकडे आणि बोलणं असं की एक शब्द बाहेर पडायला माझी एक भाकरी थापून व्हायची. तिला घास तोच भरवायचा. आपलं ताट बाजूला ठेवून आधी तिचा भात कालवायचा, मग स्वतः जेवायचा. आई गेल्यावर मामानं दोघांना आणून सोडलं तेव्हा एक पिशवी कपडे आणि घरची दोन ताटं बरोबर दिली होती. दोन्हींवर आईचं नाव घातलेलं.

आमच्याकडं सगळ्यांची ताटं अशीच घरची. कुणाचं आईच्या लग्नातलं, कुणाचं चुलत्याच्या वास्तुशांतीचं, कुणाचं आजोबांच्या स्मरणार्थ वाटलेलं. ती मांडायचं काम श्रीरंगचं. अक्षर ओळखत नव्हता, तरी कोचा, चरा आणि नावाचा खडबडीतपणा यांवरून कुठलं ताट कुणाचं हे बोटांनी सांगायचा. एकच ताट कपाटावर पालथं घातलेलं असायचं. ते वसंताचं. वसंता दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या ताटाला श्रीरंग मला हात लावू द्यायचा नाही.

त्या संध्याकाळी ताटं मांडता मांडता तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मावशी, मी नंदाजवळ?"

"आत्ता बस की तिच्याजवळ. कोण नको म्हणतंय?"

"नाशिक नंदा. मी नंदाजवळ?"

"बघू," म्हणाले. त्या महिन्यात त्यानं हे रोज दोन वेळा विचारलं आणि मी रोज दोन वेळा "बघू" म्हणाले.

बर्गे सरांनी साताऱ्याहून विजेचा भोंगा आणला. जेवणाची घंटा वेगळी, आगीचा भोंगा वेगळा, असा सोपा हिशेब. भोंगा वाजला मात्र, आमच्यातल्या सुमननं जो टाहो फोडला तो अर्धा तास थांबेना. चौघांनी कानांवर उशा दाबल्या. दगडू कॉटखाली शिरला तो थेट चहाच्या वेळेला, तेही मी पायरीवर बसून वडीच्या वासानं बोलावलं तेव्हा बाहेर आला. दोन बहिरे होते त्यांना काही कळलंच नाही, ते शांतपणे कॅरम खेळत राहिले. आठ दिवस हाच तमाशा. आठव्या दिवशी सरांनी भोंगा काढून खोक्यात घातला आणि ते माझ्या ओट्याशी येऊन बसले.

"इंदूताई, संपलं बघा. बावीस दिवस राहिलेत. चौदा वर्षांची सवय बावीस दिवसांत कशी मोडायची?"

"मोडू... नका," मागून आवाज आला.

नंदा दारात होती. मी घेवड्याची आमटी ढवळत होते, घाईत होते आणि खरं सांगायचं तर तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचा धीर मला कधीच नसायचा. मी मध्येच वाक्य जोडून मोकळी व्हायची.

"काय मोडू नको? लाकडं?"

तिनं मान हलवली. डोळ्यांनी मला गप्प केलं. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "घंटा... तीच. ताटं... बाहेर."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी गॅस बंद केला आणि तिच्या डोक्यावरून बोटं मोडली.

माणसं घंटेमागं येत नव्हती, ताटामागं येत होती. ताट जिथं, तिथं माणूस. मग ताटं अंगणात ठेवली तर?

दुसऱ्या दिवशी जेवणघरातली मांडणी उचलून आम्ही करंजाच्या झाडाखाली नेली. वर पत्रा टाकला. घंटा वाजली की बाहेर जायचं, आपलं ताट घ्यायचं, सगळे जमले की मग जेवणघरात. मी एक अट घातली.

"सर, अवेळी घंटा केली तरी ताटात कायतरी पडलंच पायजे. रिकामी ताटं दावून फशिवलं तर चौथ्या दिवशी कुत्रंबी यायचं न्हाई."

"आगीत लाडू वाटायचे?" सरांनी विचारलं.

"व्हय. शेंगदाण्याचं. डबा झाडाखालीच ठिवते."

पहिल्या दिवशी सगळी बाहेर आली, ताटं घेतली आणि त्याच पावली आत जायला निघाली. मग नंदानं आपली खुर्ची नव्या उताराच्या तळाशी आडवी लावून घेतली. जो येईल त्याला ती सांगायची, "आत... जायचं... नाही." तिला एवढा वेळ लागायचा की तोवर माणूस थांबायचाच. चार दिवसांत बाकीचे तिच्या आधी ओरडायला लागले. घंटा झाली की अख्खं अंगण गजरासारखं म्हणायचं, "आत जायचं नाही!" आणि हसायचं. दोन बहिऱ्यांचा हात धरायला दोन जोडीदार ठरले. दगडूला कांबळ्याशिवाय हलायचं नव्हतं, त्याचं कांबळं झाडालाच बांधून टाकलं. मागच्या दाराचं कुलूप सरांनी विहिरीत टाकलं. किल्लीसकट टाकलं, एवढा त्यांना त्या कुलपाचा राग आला होता.

आणि सगळे आले की नाही हे कुणी बघायचं? ते आपोआप झालं. मांडणी रिकामी झाली की सगळे बाहेर. श्रीरंग शेवटी एकदा मांडणीवरून हात फिरवायचा, मग नंदाकडं बघून मान डोलवायचा, आणि नंदा खुर्ची सरळ करायची.

तिसाव्या दिवशी सकाळी दहाला क्षीरसागर मॅडम फाट्यावरून चालत आल्या. बरोबर गुरवकाका होते, त्यांच्या कार्यालयातले जुने लिपिक, निवृत्तीला वर्ष उरलेले. त्यांच्याकडं सामानाची यादी होती. मी रात्रभर नीट झोपले नव्हते. आणि झोप झाली नाही की माझी जीभ फार चालते. सकाळपासून मी सरांना, दूधवाल्याला आणि दोन मांजरांना फैलावर घेतलं होतं.

श्रीरंग पाहुण्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेला. "काका," त्यानं हाक मारली. गुरवकाका सरळ चालत राहिले. "काका!" तरी नाही. तेव्हा श्रीरंग वळसा घालून त्यांच्या पुढं गेला, त्यांच्या हाताला हात लावला आणि बोटं तोंडाशी नेऊन जेवणाची खूण केली. काका हसले, मान हलवून पुढं गेले. मी मनात म्हटलं, आज तरी नीट वाग रे बाबा.

थोड्या वेळानं बघते तर हा करंजाखालच्या मांडणीत आणखी ताटं लावतोय. एक बिननावाचं, केंद्राचं. आणि दुसरं वसंताचं.

"हे काय? कपाटावरचं का काढलंस?"

"काका," तो म्हणाला.

"अरं, ती सरकारी माणसं. तपासणीला आली की पाणीबी पीत न्हाईत. ठेव ते वर."

"काका वसंता."

"काका गुरव हैत. वसंता गेला, श्रीरंग. ठेव म्हणते ना!"

मी ताट काढून कपाटावर ठेवलं. त्यानं ते परत आणलं. मी पुन्हा ठेवलं, त्यानं पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा त्यानं ते छातीशी धरलं आणि माझ्याकडं असा बघायला लागला की मलाच लाज वाटली. कामं पडली होती. "घाल गोंधळ," म्हणाले आणि आत निघून गेले.

मॅडम सगळीकडं फिरल्या. उतारावरून स्वतः एक खुर्ची वरखाली नेऊन पाहिली. जाळ्या आतून उघडून पाहिल्या. मग सव्वाअकराला, भात नुकता उतरवला होता तेव्हा, माझ्या ओट्याशी येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, आत्ता. स्वयंपाकघरात आग."

मी गॅस बंद केला, टाकीचा कान पिळला आणि घंटा धरली. टोल नीट पडले.

मी बाहेर पळत आले तोवर व्हरांडा भरला होता. श्रीरंगनं नंदाची खुर्ची उतारावरून नेली. जोडीदार बहिऱ्यांना हाताला धरून आले, कॅरमची सोंगटी एकाच्या मुठीतच होती. सुमन हसत होती. दगडू सगळ्यांत आधी येऊन कांबळ्यात गुंडाळून बसला होता. एकेक ताट मांडणीवरून उचललं जात होतं आणि त्याचा तो खणखणाट ऐकून मला रडू यायला लागलं. शेवटची खुर्ची उतार उतरली आणि नंदानं आपली खुर्ची आडवी लावली.

"आत जायचं नाही!" अंगण ओरडलं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. बिननावाचं ताट तोवर श्रीरंगनं त्यांच्या हातात कोंबलं होतं आणि ते कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ते काखेत मारलं आणि बोटानं माणसं मोजली.

"चौतीस. कर्मचारी सहा. तीन मिनिटं वीस सेकंद." त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं. "बर्गे सर, अभिनंदन. सगळे बाहेर."

सर मटकन चबुतऱ्यावर बसले. मॅडमनी कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं.

मी लाडवांचा डबा उघडत होते. समोर श्रीरंग उभा. त्याच्या हातात वसंताचं ताट.

"काका," तो म्हणाला.

"श्रीरंग, ठेव ते, बाळा," सर म्हणाले. "झालं आता."

"काका. वसंता."

'बस खाली, येतील.' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले. आणि तिथंच मी ते गिळले, कारण हे मी एकदा म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी. असाच श्रीरंग हातात हेच ताट घेऊन माझ्या ओट्याशी उभा होता. "वसंता," म्हणत होता. पंगत बसली होती, आमटी उतू जात होती. मी म्हणाले, "बस खाली. येईल तो." तो उभाच राहिला. मी ओरडले, तेव्हा बसला. वसंता न्हाणीघरात घसरून पडला होता. त्याला ऐकूही यायचं नाही आणि बोलताही यायचं नाही. दीड तास तो ओल्या फरशीवर पडून होता. खुब्याचं हाड मोडलेलं. तो त्यानंतर उठलाच नाही, आणि त्याच थंडीत गेला. मला कुणी काही बोललं नाही. श्रीरंगनंही नाही. त्यानं ते ताट नुसतं पालथं घातलं.

मॅडमचं पेन कागदाला टेकलं होतं.

"मॅडम, सही करू नका," मी म्हणाले.

बर्गे सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी घरच पेटवलंय.

"एक माणूस आत हाय."

"मावशी, मी मोजलेत. चौतीस."

"आमची चौतीस. तुमचा माणूस कुठं हाय?"

त्यांनी मागं पाहिलं, बाजूला पाहिलं. गुरवकाका कुठंच नव्हते. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

"कपड्यांच्या खोलीत असतील. घोंगड्या मोजायला पाठवलं होतं मी. पण घंटा तर..." आणि त्या उताराकडं धावल्या.

"आत जायचं नाही!"

चौतीस जणांनी एका दमात आवाज काढला. मॅडम जागच्या थबकल्या. नंदानं खुर्ची तसूभर हलवली नाही. मान वर करून ती सरकारी अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बसली होती.

"अहो, पण ते आत आहेत!"

"आग... आहे," नंदा म्हणाली. "तुम्हीच... लावलीय."



श्रीरंग तोवर चालायला लागला होता. आत नव्हे, इमारतीला बाहेरून वळसा घालून. मी त्याच्यामागं, माझ्यामागं मॅडम. कपड्यांच्या खोलीची खिडकी मागच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला. आत गुरवकाका आमच्याकडं पाठ करून, नाकावर चष्मा, घोंगड्यांच्या चळतीपुढं उभे. शांत. मॅडमनी जाळी हलवली, "काका! गुरवकाका!" म्हणून गळा फाडला. त्यांनी जिभेला बोट लावून यादीचं पान उलटलं.

श्रीरंगनं वसंताचं ताट आडवं धरलं. उन्हात ते जरासं हलवलं. काकांच्या समोरच्या भिंतीवर उन्हाचा लखलखीत गोळा उठला आणि नाचायला लागला.

वसंता परसात भाजीला पाणी घालत असला की श्रीरंग त्याला असाच बोलवायचा. मी शंभरदा बघितलं होतं. मला वाटायचं, खेळ चाललाय दोघांचा.

गुरवकाका दचकून वळले. श्रीरंगनं एका हातानं 'ये' केलं आणि मागच्या दाराकडं बोट दाखवलं. काका त्या दारानं, काखेत एक घोंगडी तशीच घेऊन, बाहेर आले. कुलूप विहिरीत होतं म्हणून येऊ शकले.

अंगणात आलो तेव्हा मॅडमनी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. पाचाच्या वर. बर्गे सरांनी डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, इंदे, तुझ्या तोंडानं केलंस हे. सही होत होती. पण खोटं कशाला बोलू, मला त्याचा पश्चात्ताप वाटला नाही. फक्त श्रीरंगकडं बघवेना.

"काका, घंटा ऐकली नाहीत तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

गुरवकाका त्यांच्या ओठांकडं बघत होते. मग त्यांनी खाली पाहिलं. "न्हाई ऐकू आली, मॅडम. दोन वर्षं झाली, काहीच नीट ऐकू येत न्हाई. ऑफिसात कळलं तर कुठंतरी कोपऱ्यात टाकतील म्हणून बोललो न्हाई. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई आजपर्यंत."

"याच्या आलं," मी म्हणाले. "तुम्ही आल्यावर पाच मिनिटांत."

मॅडमनी श्रीरंगकडं पाहिलं. मग त्यांनी काखेतलं ताट चबुतऱ्यावर ठेवलं, त्यावरच कागद ठेवला आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होत्या.

"रहिवासी बाहेर येण्यास लागलेला वेळ, तीन मिनिटं वीस सेकंद. आत राहिलेली व्यक्ती तपासणी पथकातील. चूक तपासणी अधिकाऱ्याची." त्या थांबल्या. "अट एक. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक खोलीत घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा बसवणे. तीन महिन्यांत. आणि हजेरीची पद्धत..." त्यांनी मांडणीकडं पाहिलं. "ताट. ही पद्धत निर्दोष आहे." मग खाली जोरात सही केली. "पाच वर्षांसाठी नूतनीकरण."

बर्गे सर लहान मुलासारखे रडले. मी कशाला मागं राहू? अंगणात कुणाला काय झालं हे कळलं नव्हतं, पण सुमननं टाळ्या पिटल्या आणि मग सगळ्यांनीच पिटल्या. ताटंच बडवली. तो गदारोळ फाट्यावर ऐकू गेला म्हणे. मी ताटाताटात दोन-दोन लाडू टाकत सुटले. तपासणीला पाणीही न पिणाऱ्या मॅडमनी तिसराही मागून घेतला.

गुरवकाकांच्या हातात श्रीरंगनं वसंताचं ताट दिलं. त्यांनी कडेवरची अक्षरं चष्म्याशी नेऊन वाचली. "चि. वसंत यास बारशाला, आजीकडून. वसंत कोण?"

"आमचा होता," मी त्यांच्या समोर येऊन, त्यांना दिसेल असं बोलले. "त्यालाबी ऐकू यायचं न्हाई. जेवा त्यात. आता चालंल."

मी श्रीरंगकडं पाहिलं. त्यानं मान डोलवली.

मग नंदानं खुर्ची सरळ केली आणि पंगत आत गेली. मी भात वाढत होते. श्रीरंग ताट घेऊन उभाच. त्याला लाडू, टाळ्या, सही यातलं काही उमगलं नव्हतं. त्यानं रोजचं विचारलं.

"मावशी, मी नंदाजवळ?"

महिनाभर ज्याला मी "बघू" म्हणत होते त्याचं उत्तर आता माझ्या तोंडात होतं, पण मी भाताचं पातेलं खाली ठेवेपर्यंत उशीर झाला. मॅडम ओळीत बसल्या होत्या. त्यांनीच सरकून जागा केली.

"नंदाजवळच," त्या म्हणाल्या. "बसा."

श्रीरंग बसला. भात कालवला, पहिला घास नंदाला भरवला. दुसरा घास हातात धरून त्यानं दारातून करंजाकडं नजर टाकली. मांडणी रिकामी होती. मग तो जेवायला लागला.